परक्या म्हशींची अकरा चित्रं

सत्यनारायणाच्या पूजेला बोलावलेल्या बाईला दारातच टर्पेंटाइनचा वास यावा, हे काही शुभ लक्षण नव्हे. भाच्याच्या, विक्रांतच्या, नव्या फ्लॅटचा उंबरठा ओलांडताना कौशल्येच्या नाकात नेमका तोच शिरला, साजूक तुपातल्या शिऱ्याच्या वासाला कोपरानं बाजूला सारून. गुडगावची लाइट सकाळपासून गेलेली. बिल्डरच्या रंगीत पुस्तकात जनरेटरचा फोटो अर्धं पान व्यापून होता, पण तो जनरेटर लिफ्टला लागू नव्हता. नऊ मजले चढून आलेली कौशल्या दाराची चौकट धरून उभी राहिली आणि मनाशी म्हणाली, झालं, माझ्यावाचून कुणाचं तरी अडलंय.

श्रीरंगरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून निघतानाच तिला सांगितलं होतं. "तुझ्या माहेरचे लोक तुला आधी बोलावतात आणि मग देव शोधतात. तू जा. मी येत नाही. तुझ्या भावांसमोर बसलं की मला खरं बोलायचा मोह होतो, आणि मग आठवडाभर तूच माझ्याशी बोलत नाहीस."

हॉलमध्ये चौरंग होता, केळीचे खुंट होते, गुरुजी होते. आणि सोफ्यामागं भिंतीशी अकरा मोठ्या चौकटी होत्या, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारख्या भिंतीकडं तोंड करून उभ्या. कौशल्येनं त्या मोजल्या. पूजा झाली, आरती झाली, पुरी-भाजी झाली. तिचे थोरले भाऊ, भालचंद्रदादा, एरवी गुरुजींना थांबवून त्यांच्या कपाळाची ठेवण चित्रात कशी बसेल ते ऐकवायचे. आज त्यांनी स्वतः गुरुजींच्या चपला सरळ करून दिल्या. एवढी घाई!

आता तिच्या माहेरच्या, मंगरूळकरांच्या, वाटणीबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं भांडण म्हणजे येडेपणा वाटेल. तसा तो आहेच.

मंगरूळकरांत जमिनीची वाटणी झाली नाही, कारण जमीन नव्हती. नाना मंगरूळकर करोल बागेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. तिन्ही मुलांच्या हातात त्यांनी ब्रश दिला आणि मग जन्मभर पस्तावले. भालचंद्र आणि गुणवंत दोघंही दिल्लीच्या रिजवर, म्हणजे जंगलाच्या टेकडीवर, एकाच झाडाखाली बसायचे, एकच पडकी भिंत काढायचे, एकाच गिऱ्हाइकाकडं न्यायचे आणि घरी येऊन एकमेकांच्या उरावर बसायचे. शेवटी शहात्तर साली अंथरुणाला खिळलेल्या नानांनी दिल्लीचा नकाशा मागवला आणि लाल पेन्सिलीनं दिल्लीच वाटून टाकली. हिंदूराव, म्हणजे त्या नावाच्या मराठा सरदाराचा टेकडीवरचा जुना वाडा, आणि सगळी रिज भालचंद्राला. यमुना, दोन्ही काठांसकट, गुणवंताला. लोखंडी पूल दोघांत सामाईक. एकानं दुसऱ्याच्या हद्दीतलं झुडूपसुद्धा रंगवायचं नाही. पुलावरून जाणारी आगगाडी कुणाची, हे लिहायचं राहून गेलं आणि त्यावरून भावांनी सहा वर्षं अबोला धरला.

"आणि कौशल्येला?" आईनं विचारलं होतं.

नाना नकाशाची घडी घालत होते. "तिला? ती काय, आता देवस्थळ्यांची. तिला बाकीचं."

ते बाकीचं म्हणजे काहीच नाही, हे सगळ्यांना कळलं. कौशल्येला कळलं नाही किंवा तिनं कळून घेतलं नाही. पुढच्याच रविवारी तिनं धौला कुआँहून हरियाणा रोडवेजची बस धरली आणि कंडक्टरला म्हणाली, दिल्लीचा नकाशा संपेल तिथं उतरवा. त्यानं तिला नंगली गावात उतरवलं. दिवस आणीबाणीचे. हातात कागद, खांद्याला सरकारी पिशवी, अशी शहरी बाई बघून गावातले पुरुष बाजरीत पळाले. नसबंदीची यादी करायला आलीय म्हणून! तीन रविवार तिनं नुसती रिकामी खाटली काढली. चौथ्या रविवारी बायकांना तिचे कागद बघायचे होते, आणि पाचव्या रविवारी माणसं तिच्यासमोर बसायला लागली.

बावीस वर्षं झाली त्याला. जोहड, म्हणजे गावाचं तळं, त्यात मानेपर्यंत बुडालेल्या म्हशी, गोवऱ्या थापणाऱ्या बायका, हुक्का ओढणारे म्हातारे, सरसोंची शेतं, आणि पुढं त्या शेतांत रोवलेल्या बिल्डरांच्या पाट्या, सगळं तिनं काढलं. भाऊ म्हणायचे, "आमच्या कौशीच्या म्हशी." दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात भावांची चित्रं हॉलमध्ये लागायची आणि हिची मागं, भांडी घासायच्या नळाकडं. तिनं कधी तक्रार केली नाही. पण राग यायचा. घरी येऊन ती कणीक जरा जास्तच जोरात मळायची.

गुरुजी गेले आणि विक्रांतनं घसा साफ केला. हा गुणवंताचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला, समोर नंगलीच्या शेतांत नवा काचेचा टॉवर बांधणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कमरेला मोबाइल लावायचा आणि तो वाजला नाही तरी दर दहा मिनिटांनी बघायचा.

"आत्या, ॲक्चुअली एक छोटासा इश्यू झालाय."

"छोटासा असता तर तू मला बसनं यायला लावलं नसतंस," कौशल्या म्हणाली. "फोनवर सांगितला असतास."

"बुधवारी टॉवरचं उद्घाटन आहे. कंपनीला लॉबीत लावायला अकरा चित्रं हवी होती. थीम अशी की इथला निसर्ग, इथली माणसं. मी म्हटलं, आपल्या घरातच आर्टिस्ट आहेत यार, बाहेर कशाला जायचं? तर बाबांनी आणि काकांनी केली."

"ठाऊक आहे. कार्ड आलं ना मला."

कार्ड तिला पोस्टानं आलं होतं, इतर चारशे पाहुण्यांसारखं. गुळगुळीत कागदावर छापलेलं: 'मंगरूळकर ब्रदर्स. या मातीशी, या गावाशी बावीस वर्षांचं अतूट नातं.' तिनं ते दोनदा वाचलं होतं. बावीस हा आकडा विक्रांतला कुठून मिळाला? तिच्याचकडून. दिवाळीत तिनंच सहज बोलता बोलता सांगितला होता. तिची बावीस वर्षं, उन्हातली, बसमधली, भावांच्या नावावर छापून आली होती, आणि तिला प्रेक्षक म्हणून आमंत्रण होतं. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती: नंगलीच्या चित्राखाली नाव लागेल तर तिचं लागावं. मानधन नको, हारतुरे नकोत. नाव.

"मग इश्यू काय झाला?"

विक्रांतनं वडिलांकडं बघितलं, गुणवंतानं भालचंद्रदादांकडं आणि दादांनी पंख्याकडं. पंखा बंद होता.

"शुक्रवारी चौधरीसाहेबांनी बघितली," विक्रांत म्हणाला. "म्हणजे ज्यांच्या जमिनीवर टॉवर उभा आहे ते. आता कंपनीत पार्टनर आहेत. ते आधी हसले. मग म्हणाले, जमीन मेरी, तालाब मेरा, और भैंसें किसकी ले आए? सगळी चित्रं टेम्पोत घालून परत पाठवली."

"बघू तरी," म्हणत कौशल्या उठली आणि पहिली चौकट तिनं स्वतःच फिरवली.

अग बाई! जोहडाच्या काठी चार बायका कासोटा घातलेल्या नऊवारीत पाणी भरत होत्या. पाणी निळंशार. गुणवंताचं पाणी कायम निळंच असायचं. यमुना डोळ्यांदेखत काळी पडली, तरी यानं तिला निळी ठेवली होती. जोहडात एक होडी होती, शिडाची! आणि काठावर तीन म्हशी उभ्या होत्या, ज्यांची शिंगं तलवारीसारखी लांब, खांद्यांच्याही मागं गेलेली. या भागातल्या म्हशींची शिंगं जिलबीसारखी आत वळलेली असतात. मुऱ्हा म्हैस म्हणतात तिला, आणि तिच्या शिंगाच्या वळणावरून इथले लोक मुलाचं लग्न ठरवतानासुद्धा घराची पत जोखतात. कौशल्येनं दुसरं चित्र फिरवलं, तिसरं फिरवलं. अकराही चित्रांत तीच शिंगं, एकूण चौतीस म्हशी.

"दादा, तुम्ही नंगलीला गेला होता का?"

"गेलो होतो म्हणजे? टॅक्सी करून गेलो होतो," भालचंद्रदादा म्हणाले. अडुसष्टाव्या वर्षीही ते रेशमी झब्बा घालून बसायचे आणि फोटो काढायला कुणी येणार असल्यासारखी मान ठेवायचे.

"उतरला होता?"

"धूळ फार होती. वातावरण टिपायला उतरावं लागत नाही, कौशी. ते इथं लागतं." त्यांनी छातीवर बोट ठेवलं.

"मग म्हशी इथून आल्या वाटतं."

चेतना, विक्रांतची बायको, चहाचा ट्रे घेऊन आली होती, तिला हसू आवरेना. दादांनी तिच्याकडं असं बघितलं की ती कप मोजायला लागली.

गुणवंत धाकटा, तो गोड बोलायच्या कामावर असायचा. "ताई, तुझ्यासाठी हे काय, हातचा मळ! दोन दिवसांचं काम. बायकांच्या साड्या मी बदलतो, होडी मी बुडवतो. तू फक्त शिंगं कर."

"फक्त शिंगं."

"फक्त शिंगं, बिल्कुल! चौतीस म्हशी आहेत. अडुसष्ट शिंगं."

"आणि खाली सही कुणाची?"

खाली रस्त्यावर टँकरवाला कुणाला तरी शिव्या देत होता, तेवढं नऊ मजले वर ऐकू आलं.

बोलल्या त्या भानुमतीवहिनी. दादांच्या पत्नी. चाळीस वर्षं नवऱ्याची पॅलेट धुतलेली बाई, आणि त्या घराण्याचा अभिमान नवऱ्यापेक्षा दोन बोटं जास्त. "वन्सं, सहीचं काय घेऊन बसलात? घराचं नाव मोठं झालं की सगळ्यांचंच झालं. आणि तुमचं नाव आता देवस्थळी. कार्डावर छापलंय मंगरूळकर. लोक विचारतील, ही देवस्थळी कोण? उगीच शोभा."

"म्हणजे वाटणीच्या वेळी मी देवस्थळ्यांची म्हणून मला काही नाही," कौशल्या म्हणाली, "आणि आता मी देवस्थळ्यांची म्हणून माझ्या वाट्याचंही मंगरूळकरांचं. वहिनी, मी दोन्हीकडून बाहेरच कशी हो निघते?"

वहिनींनी पदर सारखा केला.

"अहो पण," चेतना म्हणाली. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं, त्यामुळं घरात काय विचारायचं नसतं हे तिला अजून पाठ झालं नव्हतं. "आत्यांकडं नंगलीची चित्रं असतीलच ना भरपूर? मग त्यांचीच का नाही लावली?"

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं, जणू तिनं देवासमोर चपला काढून ठेवल्या होत्या.

"चेतना, ते... आत्याची हॉबी आहे ती," विक्रांत म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला खरोखरच सुचलं नव्हतं. कौशल्येला हेच जास्त लागलं. कुणी मुद्दाम वगळलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

गुणवंत खुर्ची सरकवून तिच्या जवळ आला आणि आवाज खाली आणला, अर्थात दादांना ऐकू जाईल इतकाच खाली. "ताई, हे बघ, सौदा करू. नंगली आम्हाला दे, मी तुला यमुना देतो. डावा काठ. घाटांसकट."

"गुणवंता!" दादा ओरडले. "नानांची वाटणी मोडतोस? उद्या पूलही देशील!"

"पुलाचा माझा अर्धा मी कुणालाही देईन! आणि आगगाडीही माझीच आहे, ती पाण्यावरून जाते!"

"ती रुळांवरून जाते, मूर्खा!"

लागले दोघं. बावीस वर्षांपूर्वीची गाडी त्या पुलावरून पुन्हा एकदा गेली. एकजण चौसष्टचा, एकजण अडुसष्टचा. दोघांच्याही शिरा ताठ. कौशल्येनं शिऱ्याचा प्रसाद तोंडात टाकला आणि भाऊ थकायची वाट बघत बसली.

थकल्यावर दादा वळले ते बायकोवर. कुणावर तरी वळणं भाग होतं. "आणि या सगळ्याला कारण ही! मी विचारलं हिला, म्हशीची शिंगं कशी असतात गं? म्हणाली, लांब, मागं गेलेली. झालं वाटोळं! सांगोल्याच्या बाईला दिल्लीची म्हैस विचारली हीच माझी चूक."

भानुमतीवहिनींचा हात पदरावरच थांबला.

"काय म्हणालात?"

"बरोबर तेच म्हणालो."

"तुम्ही मला विचारलंत, तुमच्या माहेरी म्हैस होती का. मी म्हटलं, होती. चंद्री. तिची शिंगं कशी होती विचारलंत, मी सांगितली. ती कशी उभी राहायची, कान कसे टाकायची, सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या माहेरचं काही विचारलंत." वहिनींचा आवाज चिरकला. "चित्र झालं तेव्हा मी रडले. म्हटलं, ह्यांनी माझी चंद्री काढली. आणि आता तुम्ही तिची शिंगं कापायला निघालात? वन्सं, खबरदार हात लावाल तर!"

"मी कुठं लावतेय, वहिनी," कौशल्या म्हणाली. ती उठून पहिल्या चित्रापाशी गेली आणि त्या मधल्या म्हशीकडं नीट बघत राहिली. म्हैस खरोखर छान उतरली होती. जड, शहाणी, कुणाची तरी वाट बघत असलेली. "म्हैस उत्तम आहे. दादानं इतक्या वर्षांत एवढं चांगलं काही काढलेलं मला आठवत नाही. फक्त पत्ता चुकलाय."

"ऐकलंत?" वहिनी नवऱ्याकडं वळल्या. आता त्या थांबणार नव्हत्या. "नाहीतर तुमची ती रिज! अकरा वर्षांत पाऊल टाकलं नाहीत तिथं. माकडानं चष्मा पळवला त्या दिवसापासून! तेव्हापासून जुन्याच चित्रांवरून नवी रिज काढताय. जी झाडं वादळात पडली ती अजून उभी आहेत तुमच्या चित्रांत. आणि लोकांना सांगता, हिंदूराव आपलाच माणूस, तो मला तिकडं बोलावतो! माकड बोलावतं, माकड!"

"भानुमती!" दादांचा चेहरा पडला. ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती. गुणवंतसुद्धा हसायचा विसरला, आणि हे अघटितच.

विक्रांत डोकं धरून बसला. "काका, बाबा, प्लीज. बुधवारपर्यंत चित्रं गेली नाहीत तर माझी पोझिशन काय राहील? आत्या, तूच सांग, काय करायचं?"

कौशल्येनं हात पुसले. आवाज शाळेत तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईचा निघाला. "मी एकाही शिंगाला हात लावणार नाही. ती चित्रं दादा-गुणवंताची आहेत आणि त्यांच्या सहीनं राहोत. वहिनींच्या खोलीत लावा, तिथं ती शोभतील. तुमच्या साहेबाला नंगली हवी असेल तर नंगली माझ्याकडं आहे. दोनशे चित्रं आहेत, पलंगाखाली. माझ्या नावानं लावणार असाल तर न्या. नाहीतर राहू दे."

"म्हशीचं एवढं काय कौतुक लावलंय!" दादा उसळून उभे राहिले. बायकोसमोर, सुनेसमोर उघडं पडलेलं माणूस फार धोक्याचं असतं. "म्हैस ती म्हैस! शिंग वळवायला कितीसा वेळ लागतो? चला, मी आत्ता जाऊन काढून दाखवतो. प्रत्यक्ष बघून!"

"चला," कौशल्या म्हणाली. "टॉवरच्या मागंच गाव आहे."

निघाली वरात. नऊ मजले खाली. पुढं भालचंद्रदादा, काखेत ड्रॉइंग बोर्ड, झब्ब्याला पूजेचं कुंकू. मागं गुणवंत, विक्रांत, पदर खोचलेल्या भानुमतीवहिनी, आणि 'मीही येते, मला अजून गावच दिसलं नाही' म्हणणारी चेतना. टॉवरला वळसा घातला की काचेच्या भिंतीमागं नंगली अचानक लागायचं, शेणाच्या वासासकट. जोहडाच्या जागी आता गाड्यांचं पार्किंग होतं. गल्लीच्या तोंडाशी कौशल्येचे गुडघे बोलायला लागले. ती एका दगडी चौथऱ्यावर टेकली. "व्हा पुढं," म्हणाली. "दुसरं दार. मी दम खाते."

दुसऱ्या दारात भतेरीच्या म्हशी बांधलेल्या होत्या. भतेरी ही नंगलीतली म्हातारी. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून आईबापांनी वैतागून ठेवलेलं नाव. इकडच्या बोलीत भतेरी म्हणजे पुष्कळ झालं. जमीन विकली गेली, मुलानं त्यातून जीप घेतली, पण म्हशी विकायला भतेरीनं नकार दिला होता. ती वैरण टाकत होती. दारातून रेशमी झब्बा आत शिरताना दिसला आणि ती, कुठं घुसतोस म्हणून, आडवी आली.

"ओ बाबू, कित बड़ै सै?"

"भैंस देखनी है," दादा म्हणाले.

"क्यूँ? मोल लेगा?"

"नहीं नहीं। चित्र बनाना है।"

"ना। नजर लाग ज्यागी। दूध सूक ज्यागा।" भतेरीनं म्हशीच्या आणि त्यांच्या मधोमध उभं राहून पदर पसरला.

दादांनी मान फोटोसाठी ठेवतात तशी ठेवली. "माताजी, मैं भालचंद्र मंगरूळकर हूँ। दिल्ली का मशहूर चित्रकार। सरकारी दफ्तरों में मेरी तस्वीरें लगी हैं।"

"तो दफ्तर मैं जा।"

गुणवंतानं गोड बोलून पाहिलं. भतेरीनं वैरणीची टोपली त्याच्या पायावर आपटली. मग विक्रांतनं पुढं होऊन कंपनीचं कार्ड दाखवलं आणि टॉवरकडं बोट केलं. हे फारच वाईट झालं. टॉवरचा जनरेटर रात्रंदिवस म्हशींच्या तोंडावर धूर सोडायचा. भतेरीनं कोपऱ्यातली लाठी उचलली.

कौशल्या चौथऱ्यावरून हे सगळं बघत होती. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. ती तोंडापर्यंत आलेली हाक तिनं गिळली. दुष्टपणा म्हणा हवं तर. बावीस वर्षांत एवढा एक दुष्टपणा तिला माफ व्हायला हरकत नाही.

लाठी हवेत आणि मागं शेणाचा ढीग. भालचंद्रदादांनी भावाकडं बघितलं, पुतण्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. वहिनी मदतीला येतील असं काही दिसेना. मंगरूळकर हे नाव संपलं होतं, दिल्ली संपली होती, झब्बाही संपला होता. त्यांनी ड्रॉइंग बोर्ड छातीशी धरला.

"मैं... वो कौशल्या है ना? कागज लेके आती है, इतवार को। मैं कौशल्या का भाई हूँ।"

लाठी खाली आली. "कौसल्या का भाई? रै, पहलां बताता!" भतेरीनं खाट ओढली, त्यावरची गोधडी झटकली, सुनेला ताक आणायला सांगितलं. पदर बाजूला घेतला. म्हैस समोर आली, काळी, तकतकीत, दोन्ही बाजूंना दोन घट्ट वळलेली शिंगं.

दादा खाटेवर बसले आणि काढायला लागले. पाच मिनिटांत दाखवतो म्हणाले होते. अर्धा तास गेला. तीनदा खोडलं. कपाळावरून घाम कागदावर पडला. शिंगाचं वळण कुठून निघतं आणि कुठं वळतं, ते काही केल्या हाताला सापडेना, सापडलं तेव्हा त्यांच्या तोंडून लहान पोरासारखा "अरे!" निघाला. एव्हाना गल्लीतल्या सात-आठ बायका गोळा झाल्या होत्या. कौशल्याही उठून मागं येऊन उभी राहिली.

भतेरीनं कागद हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला.

"सींग तो सैं," ती म्हणाली. "पर इसके कान कित गए?"

बायका खो-खो हसल्या. खरंच, शिंगांच्या नादात दादांनी म्हशीला कानच दिले नव्हते. भानुमतीवहिनीही हसल्या, तोंडाला पदर लावून.

भतेरी हसली नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता. तिनं मागं उभ्या असलेल्या कौशल्येकडं बघितलं आणि मग खाटेवरच्या म्हाताऱ्याकडं. "तेरी बाहण तो इतना आच्छा काढ़ै सै। उसनै तन्नै ना सिखाया?"

दादांना बरंच काही म्हणता आलं असतं. मीच तिला पेन्सिल धरायला शिकवलं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते दर प्रदर्शनात म्हणायचे. ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं कौशल्येला दिसलं. मग ते परत गेलं.

"सिखाती," ते म्हणाले. "मैंने कभी पूछा ही नहीं।"

कौशल्येचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. एवढ्याशा वाक्यावर? बावीस वर्षं कणीक बडवली ती या एवढ्याशा वाक्यासाठी? तिनं पदरानं नाक पुसलं आणि भाच्याकडं वळली.

"विक्रांत, उद्या टेम्पो लक्ष्मीबाई नगरला पाठव. अकरा चित्रं मी निवडते. खाली नाव लिही, कौशल्या देवस्थळी. आणि ती बावीस वर्षं त्या नावाखाली छाप."

विक्रांत घुटमळला. सवयीनं त्यानं काकांकडं पाहिलं. भालचंद्रदादांनी कागद परत मांडीवर घेतला होता आणि ते म्हशीचा डावा कान कुठून सुरू होतो ते मान वाकडी करून शोधत होते. त्यांनी डोकं वर केलं नाही.

"माझं तोंड काय बघतोस?" ते म्हणाले. "लिही."